रोशनीची लायब्ररी

ग्रंथपाल निवृत्त झाला की त्याला पुस्तकंच भेट देतात. मलाही दिली. त्यातली दोन अशी निघाली की मीच कधीतरी ती लायब्ररीच्या कपाटातून काढून टाकली होती, कारण कुणी नेत नव्हतं. मी दोन्हींचं तोंडभरून कौतुक केलं. मेलबर्नमध्ये, डँडेनॉन्गच्या आसपासच्या एका सार्वजनिक लायब्ररीत इतकी वर्षं लोकांशी गोड बोलण्यात काढल्यावर एवढं जमतंच.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या मुलीने सांगितलं, "काकू, लायब्ररीतले फनी किस्से लिही ना." किस्से पुष्कळ आहेत. पुस्तकात खूण म्हणून पापडाचा तुकडा ठेवणारे गृहस्थ आहेत. पुस्तक उशिरा आणलं की दर वेळी वेगळ्या नातेवाइकाला आजारी पाडणारी एक बाई आहे. पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे रोशनी येते, आणि तिची हकीकत फनी नाही. सुरुवातीला थोडी आहे, तेवढी गोड मानून घ्या.

आधी आमच्या कामाविषयी सांगते. लोकांना वाटतं ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. मिठाईच्या दुकानातला माणूस जेवढी मिठाई खातो तेवढंच आम्ही वाचतो. पुस्तक आलं की त्याची नोंद अशी करायची की शोधणाऱ्याला ते सापडावं, आणि जे कुणीच शोधत नाही ते काढून टाकायचं, हे खरं काम. या काढून टाकण्याला इथे वीडिंग म्हणतात, म्हणजे आपली भांगलण, शेतातलं तण काढतात तशी. मी सांगलीकडच्या साखर कारखान्याच्या गावातली, वडील कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. पुस्तकांची भांगलण करतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. आपल्याकडच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक पुस्तक रद्द करायचं तर समितीची बैठक बोलवावी लागायची. इथे शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, ट्रॉली भरून निघते आणि कुणाला काही वाटत नाही.

माझ्या निवृत्तीच्या काही वर्षं आधी आमच्या व्यवसायातल्या मंडळींनी एक योजना काढली. पॅसिफिकच्या बेटांवरच्या लहान ग्रंथालयांची इथल्या ग्रंथालयांशी जोडी लावायची. दोन देशांतल्या ग्रंथपालांनी महिन्याला निदान एकदा बोलायचं, अडचणी विचारायच्या, एकमेकांकडून शिकायचं. आमची मॅनेजर हेलन चांगली बाई, पण नवी योजना दिसली की तिला राहवत नसे. मी कुरकुर केली. आधीचंच काम उरकत नव्हतं. पण मला हिंदी येते हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तिने फिजी माझ्या गळ्यात मारलं.

पहिल्या व्हिडिओ कॉलला रोशनी पडद्यावर आली ती फोन हातात धरून चालतच. पस्तिशीची, अंगाने बारीक, घट्ट वेणी. फिजीतल्या एका साखर कारखान्याच्या गावात ती टाऊन कौन्सिलची ग्रंथपाल होती. एकटीच. कुलूप उघडणारी तीच, झाडणारी तीच, नोंदी करणारी तीच. कौन्सिलच्या ऑफिसला लागून एक हॉल, पुढे व्हरांडा, खिडक्यांना काचेच्या पट्ट्या. कपाटांचे पाय तिने पाणी भरलेल्या डब्यांत ठेवले होते, वर काही चढू नये म्हणून. तिच्या पणजोबांना उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलं होतं, तेव्हापासून त्यांच्या घरात चालत आलेली हिंदी ती बोलायची. आपल्या सिनेमातल्या हिंदीपेक्षा ती वेगळी, पण ऐकत राहावी अशी. मी म्हणजे 'हम', आणि मी मोठी असूनही मला 'तुम'.

बोलता बोलता ती म्हणाली की आज मिल चालू झाली, त्यामुळे सगळी लायब्ररी वासाने भरून गेलीय. मी विचारलं, मळीचा वास का? शब्द तिला कळला नाही. मग मी वर्णन केलं, गोडसर, आंबूस, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटणारा. ती हसतच सुटली. इतकी वर्षं या देशात काढली, पण त्या वासाविषयी बोलायला मला कुणी मिळालं नव्हतं. नवरा पुण्याचा, त्याला मळी दाखवली तर तो नाकाला रुमाल लावेल. त्या दिवसापासून मी कुरकुर सोडली.

पहिलं भांडण मात्र लगेचच झालं, तेही हेलनच्या चांगुलपणामुळे. आमच्याकडे भांगलणीची पुस्तकं ढिगाने पडलेली होती. ती कंटेनर भरून फिजीला पाठवायची असं तिने ठरवलं, सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. मी मोठ्या उत्साहाने रोशनीला सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, बुरा मत मानना. किताब मत भेजो."

मी बुरा मानलाच. तिने समजावून सांगितलं. आणखी कुठल्या तरी देशातून असा एक कंटेनर पूर्वी येऊन गेला होता. त्यात बर्फावर घसरण्याच्या खेळाची पुस्तकं होती, परक्या देशाच्या टॅक्सची माहिती होती, कधीच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरांची माहिती होती. हॉल खोक्यांनी भरला, मुलांना बसायला जागा उरली नाही. त्यावर कौन्सिलने म्हटलं, एवढी पुस्तकं आली आहेत, मग यंदा नवी कशाला घ्यायची? आमच्याकडे जे कुणी वाचत नव्हतं ते तिच्याकडचं पोर वाचेल, असं आम्ही का धरून चाललो आहोत, हे मी जाऊन हेलनला विचारलं. कंटेनर रद्द झाला. हेलन दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

मग रोशनीला काय हवं ते आम्ही विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं. तिला नोंदींसाठी मदत हवी होती, पुस्तकं नीट कशी शिवावीत आणि कण्याला पट्टी कशी लावावी हे शिकायचं होतं. ती फोनवरून पुस्तकांच्या पहिल्या पानांचे फोटो पाठवायची, मी इथे बसून नोंदी तयार करायचे. शुक्रवारी दुपारी तिच्याकडची शाळा सुटली की आम्ही गोष्टींचा तास घ्यायचो. तिकडे तिची मुलं चटईवर, इकडे आमची गालिच्यावर, मध्ये पडदा. मी डँडेनॉन्गमधून वाचायचे, ती तिथून. तिकडची मुलं मला 'स्क्रीनवाली आंटी' म्हणायला लागली. माझी स्वतःची मुलगी लहानपणी मी मराठीतून काही विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि पुस्तक घेऊन खोलीत जायची. त्यामुळे कुणीतरी मांडी घालून ऐकतंय याचंच मला अप्रूप होतं.

रोशनीची एक रीत होती. पुस्तक परत करायला आलेल्या प्रत्येक मुलाला ती त्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट सांगायला लावायची. आवडलं नाही असं सांगितलं तरी चालायचं, पण का ते सांगायचं. ते ऐकून घेतल्यावरच ती कपाटापाशी जायची आणि त्या पोराला पुढचं पुस्तक काढून द्यायची. कॅटलॉग, वर्गीकरण, वाचकसेवा या सगळ्यावर मी परीक्षा दिल्या आहेत, एकदा पुण्यात आणि एकदा इथे येऊन पुन्हा. वाचकाशी कसं वागावं याचं इतकं साधं रूप मला कुठल्याही परीक्षेत भेटलं नव्हतं.

योजनेत पुढे अशी सोय निघाली की तिकडच्या ग्रंथपालाने काही आठवडे इथे येऊन काम करावं. रोशनी आली आणि आमच्या घरीच राहिली. शनिवारी मी तिला फॉस्टर स्ट्रीटच्या भारतीय दुकानांत नेलं, तिथे तिने दुकानदारांशी तिच्या हिंदीत घासाघीस केली आणि दोन गुजराती बायकांना आपल्या मैत्रिणी करून टाकलं. लायब्ररीत तिला सगळ्यात नवल वाटलं ते पुस्तकं परत घेणाऱ्या यंत्राचं. भिंतीतल्या फटीत पुस्तक टाकायचं, आत पट्ट्यावरून ते आपोआप आपल्या डब्यात जाऊन पडतं. ती बराच वेळ त्या पट्ट्यापाशी उभी होती. मग म्हणाली, "यहाँ किताब अकेली वापस आती है." मला वाटलं होतं ती यंत्राचं कौतुक करील.

आमच्याकडे स्टाव्रोस नावाचे एक ग्रीक म्हातारे रोज यायचे. ते पेपर घेऊन खिडकीशी बसायचे, वाचायचे कमी आणि शेजारच्यावर खेकसायचे जास्त. बायको गेल्यापासून त्यांचं असं झालं होतं. आम्ही सगळे त्यांना वळसा घालून जायचो. रोशनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसली. पेपरात काय आलंय ते तिने विचारलं, आणि तिला ते खरोखरच ऐकायचं होतं. आठवडाभरात स्टाव्रोस दाढी करून येऊ लागले. त्यांचा चहा ती करायची, बुटाची नाडी सुटली तर वाकून बांधायची. त्यांची मुलगी एकदा त्यांना न्यायला आली, तिने हे सगळं पाहिलं. ती म्हाताऱ्या लोकांच्या एका केअर होममध्ये कामाला होती. आमच्या काउंटरवर ओणवी होऊन ती रोशनीला म्हणाली की तुझ्यासारख्या माणसांची आम्हाला फार गरज आहे, बेटांवरून किती तरी बायका येतात, मी तुला सगळी माहिती पाठवते, नो वरीज. मी शेजारी उभी होते. मीसुद्धा हसून मान हलवली.

रोशनी परत गेली. शुक्रवारचे तास चालू राहिले, ती नवीन पट्ट्या लावलेली पुस्तकं मला दाखवायची. वर्ष उलटलं असेल, एका संध्याकाळी मी कामावरून निघून गाडीत बसत होते तेव्हा तिचा फोन आला. एरवी ती मेसेज करून मगच फोन करायची. आमच्याच व्हिक्टोरिया राज्यात, गिप्सलँडच्या बाजूला एका केअर होममध्ये तिला नोकरी मिळत होती. त्यासाठीचा छोटा कोर्स तिने फिजीतच पुरा केला होता. मला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता रेफरन्स हवा होता, आणि इथे तिला ओळखणारी मी होते.

मी विचारलं, "और लायब्ररी?"

ती म्हणाली, "दीदी, तुम भी तो आई थी."

टोमणा नव्हता. आवाजात राग नव्हता, उलट तिला वाटलं की हे फक्त मलाच कळेल. नवऱ्याचा व्हिसा आला तेव्हा मी भारतातल्या माझ्या कॉलेजच्या लायब्ररीची किल्ली प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून निघाले होते. तिथेही मी एकटीच होते. माझ्या जागी कुणी आलं का, ती लायब्ररी नंतर कोण उघडायचं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आता विचारावं तर तिथे ओळखीचं कुणी उरलेलं नाही.

मी रेफरन्स दिला. जे खरं होतं तेच लिहिलं, आणि पुन्हा मागितला तर पुन्हा देईन. मिल वर्षातले काही महिनेच चालते आणि उरलेले महिने तिथे कामाला असलेला तिचा नवरा घरी बसतो, सासूचं औषधपाणी आहे, दोन मुलांच्या शाळा आहेत. ग्रंथपालाच्या पगारात हे भागत नाही हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. थांब म्हणायचा मला हक्क नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी तिथेच पार्किंगमध्ये बसून रडले.

ती आली तेव्हा मुलं सासूजवळ ठेवून आली, कारण त्या व्हिसावर कुटुंब आणता येत नव्हतं. लायब्ररीचं म्हणाल तर कौन्सिलने नवा माणूस नेमतो म्हणून सांगितलं. काही दिवस ऑफिसातला एक कारकून दुपारी कुलूप उघडून बसायचा. त्याची बदली झाली. एका शिक्षिकेला मी व्हिडिओवरून सगळं काम शिकवलं, मुलगी हुशार होती, पण वर्षाच्या आत तिला न्यूझीलंडला नर्सिंगचं काम मिळालं आणि तीही गेली. त्यानंतर कुलूप निघालंच नाही. शुक्रवारी दुपारी मी सवयीने लायब्ररीचा व्हिडिओ कॉल लावायचे, तो कुणी घ्यायचं नाही. कौन्सिलला मी ईमेल केल्या, त्यांची उत्तरं नम्र असायची, दर वेळी सारखीच. आमच्या योजनेच्या अहवालात परिणाम काय झाला ते लिहायचं होतं. हेलनने मनापासून लिहिलं की आमच्या जोडीदार ग्रंथपालाला ऑस्ट्रेलियात रोजगार मिळाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला मात्र तो अहवाल पुढे वाचवेना.

दोन देशांतल्या ग्रंथपालांनी एकमेकांना ओळखलं की दोन्ही ग्रंथालयं सुधारतात, असं आम्हाला सांगितलं होतं. मीही नव्या जोड्यांना तेच सांगायचे. एका बाजूला पगार चांगला आणि दुसऱ्या बाजूला एकच माणूस असेल, तर ओळख वाढल्यावर काय होईल, हे आमच्यापैकी कुणीच बोललं नव्हतं. मी तरी बोलायला हवं होतं का, कुणास ठाऊक. मीही तशीच तर इथे पोचले होते.

निवृत्त झाल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, फिजीला जाऊ. त्याला वाटलं समुद्रकिनारा. तो त्याची दुखरी कंबर आणि टीव्हीवरचं क्रिकेट घेऊन रिसॉर्टवर राहिला, मी बसने रोशनीच्या गावी गेले. रस्त्याने दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच उसाच्या डब्यांची छोटी आगगाडी. गाव जवळ आलं आणि मळीचा वास आला. रोशनीचा नवरा दिनेश स्टँडवर न्यायला आला होता. लाजाळू माणूस, माझी पिशवी त्याने मला उचलू दिली नाही. घरी सासूने डाळ, भात आणि मासे वाढले. मुलं मला निरखत होती, आईची कुणीतरी म्हणून. धाकट्याने विचारलं की मम्मी तिथे काय खाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लायब्ररीकडे गेलो. किल्ली ज्याच्याकडे असते तो कौन्सिलचा माणूस रजेवर होता. खिडकीची एक काच निखळलेली होती, तिथून मी आत पाहिलं. जो हॉल मी इतकी वर्षं पडद्यावर पाहिला तो समोर होता आणि मला आत जाता येत नव्हतं. कपाटं जागच्या जागी होती. त्यांच्या पायांखालचे डबे कोरडे पडले होते, आणि भिंतीकडच्या एका कपाटावर वाळवीच्या मातीची रेघ मधल्या फळीपर्यंत चढली होती. तिथली पुस्तकं बाहेरून चांगली दिसत होती. वाळवी लागलेली पुस्तकं बाहेरून चांगलीच दिसतात, हात लावल्यावर कळतं. मला तिथून हलवेना. मी दिनेशला विचारलं, एखादी काच काढून आत जाता येईल का. तो घाबरला, म्हणाला, सरकारी जागा आहे.

आम्ही व्हरांड्यात बसून होतो, तेवढ्यात शाळा सुटली. रोशनीच्या मुलांनी वर्गात सांगितलं होतं की स्क्रीनवाली आंटी आली आहे. मुलं यायला लागली. काही गणवेशातच, काही घरी जाऊन आलेली. काही भारतीय वंशाची, काही मूळ फिजीची. मला वाटलं मला पाहायला येताहेत. मग एकेकाच्या हातातलं दिसलं. सगळ्यांच्या हातात पुस्तकं होती, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कुलूप लागलं त्या दिवशी ज्याच्या घरी जे पुस्तक होतं ते त्याच्याच घरी राहिलं होतं. परत घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती.

माझ्यासमोर रांग लागली. पहिला मुलगा पुढे आला, पुस्तक दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, पण देईना. मला कळेना काय झालं. मग त्याने घसा साफ केला आणि सांगितलं की यातला मासेमार कोळी शेवटी वादळातून परत येतो ते त्याला आवडलं, पण त्याच्या कुत्र्याचं काय झालं ते लिहायला हवं होतं. एवढं सांगून त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. मागची मुलगी पुढे झाली आणि तिने तिच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. एकही मूल रीत चुकलं नाही. ज्या मुलांना आता पुस्तकाच्या मानाने आपण मोठे झालो हे कळत होतं, तीसुद्धा ओशाळून सांगत होती. मी ऐकत होते आणि पुस्तकं मांडीवर रचत होते.

दिल्यानंतर एकही मूल जाईना. सगळी बाजूला सरकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. पुढचं पुस्तक मिळेल म्हणून ती थांबली होती. माझ्या पाठीमागे कुलूप होतं.

मी रोशनीला व्हिडिओ कॉल लावला. ऑस्ट्रेलिया घड्याळात मागे, तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ, ती फोन घेईल असं वाटलं नव्हतं. तिने घेतला. केअर होमचा निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी, मागे लांब पांढरा पॅसेज. मी फोन मुलांकडे वळवला. मुलं फोनभोवती गोळा झाली. रोशनीने एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. उंची वाढलेल्या एका मुलापाशी ती अडली, मग तिने त्याचंही नाव बरोबर सांगितलं. ग्रंथपाल होती ती, वाचक विसरली नव्हती. मी तिला मांडीवरचा ढीग दाखवला आणि विचारलं, आता काय करू. तिने डोळे मिटून घेतले, क्षणभरच. मग मुलांना म्हणाली, "आपस में बदल लो. और अच्छे से रखना."

मुलांनी बदलायला सुरुवात केली. हे तुला, ते मला, थोडी ओढाताण, थोडं हसणं. तिकडे आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने मान वळवून येते म्हणून सांगितलं आणि फोन बंद झाला.

शेवटी एक मुलगी उरली. मेरेओनी, बाराएक वर्षांची, दाट कुरळ्या केसांची. तिच्या हातात समुद्रातल्या कासवांचं पुस्तक होतं. मी तिला इतरांच्या हातातली पुस्तकं दाखवली, यातलं कुठलं हवं? तिने ती सगळी वाचलेली होती. लायब्ररी बंद झाल्यावर दारोदार जाऊन तिने ती आधीच मागून आणली होती, वाचून नेऊन दिली होती. गावात लायब्ररीबाहेर राहिलेलं एकही पुस्तक तिच्यासाठी नवीन नव्हतं. कासवांचं पुस्तक बाकी सगळ्यांचं वाचून झालं होतं, त्यामुळे बदल्यात ते घ्यायलाही कुणी नव्हतं. ती रडली नाही, हट्ट केला नाही. ते माझ्या हातात ठेवून ती म्हणाली की हे रोशनी मॅडमना द्या, माझ्या नावावर आहे. आणि दप्तर उचलून गेली.

मेलबर्नला आल्यावर मी डँडेनॉन्गहून ट्रेन पकडली आणि रोशनीकडे गेले. केअर होमच्या मागच्या अंगणात एक बाक आहे, सुट्टीच्या वेळात आम्ही तिथे बसलो. घरच्यांचं सगळं सांगून झालं. मुलांचे फोटो तिने पुन्हा पुन्हा पाहिले. कपाटावरच्या वाळवीचं मी सांगितलं नाही, पण डबे कोरडे आहेत का हे तिनेच विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. मग मी पिशवीतून कासवांचं पुस्तक काढून तिला दिलं, मेरेओनीचा निरोप सांगितला. तिने ते उघडलं, कण्यावर स्वतः लावलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टी अजून घट्ट होती. मग पुस्तक मिटून तिने परत माझ्या हातात ठेवलं.

"ये हमको मत दो, दीदी. ये लायब्ररी का है."

"तो किसको दूँ?"

डोळे भरून आले तसे तिने ते शर्टाच्या बाहीने पुसले. आतल्या एका आजींना आंघोळ घालायची वेळ झाली होती, ती उठून गेली.

पुस्तक माझ्याकडे आहे. माझ्या पुस्तकांच्या कपाटात ते ठेववत नाही, कारण ते माझं नाही. पोस्टाने पाठवावं तर कौन्सिलच्या ऑफिसातल्या कुठल्या तरी टेबलाखाली जाईल. पुस्तक परत करा, परत करा, हे लोकांना सांगण्यात माझा जन्म गेला. ते जेवणाच्या टेबलावर पडलेलं असतं. टेबल पुसताना नवरा ते उचलतो आणि विचारतो, हे कुठे ठेवू? मी त्याला सांगते, राहू दे तिथेच.